हिवाळे सरांच्या सात रेकॉर्डी

रविवारी सकाळी साडेनऊ वाजले की जुन्या जालन्यातल्या हिवाळे सरांच्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. बाहेर गल्लीत धान्याची पोती उतरत असतात, ऑटोवाले हॉर्न वाजवत असतात, त्याला इलाज नाही. पण घरात शांतता. साहेबराव हिवाळे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय पासष्ट, आंघोळ करून इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या खोलीत येतात. कपाटातून एक रेकॉर्ड काढतात, कडेला धरून मऊ फडक्यानं पुसतात, प्लेअरवर ठेवतात, सुई अलगद सोडतात आणि समोरच्या खुर्चीत बसतात. एक बाजू संपायला वीस-बावीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात ते पेपर वाचत नाहीत, चहा घेत नाहीत, कोणाचा फोन उचलत नाहीत.

बाजू संपली की मग फोन हातात. रेकॉर्डच्या कव्हरचा फोटो काढायचा आणि ‘आज सुईखाली’ नावाच्या ग्रुपवर टाकायचा, खाली दोन-चार ओळी लिहायच्या. या ग्रुपात चाळीसेक माणसं आहेत. पुण्याची, मुंबईची, गोव्याची, कोलकात्याची, एक जण तर शिलाँगचा. सगळी जॅझवर जीव टाकणारी, आणि तेही रेकॉर्डवरच ऐकणारी. रविवार उजाडला की प्रत्येकानं आज काय लावलंय ते सांगायचं, एवढाच या ग्रुपचा उद्योग. जालना जिल्ह्यातून त्यात एकच माणूस. हिवाळे सर.

सर तिथं पोचले ते मुलामुळं. सुमित पुण्यात नोकरीला आहे. चार वर्षांपूर्वी सरांच्या प्लेअरची सुई झिजली, तेव्हा ती शोधायला तो जुन्या रेकॉर्डींच्या एका दुकानात गेला. दुकानात साधना मॅडम म्हणून एक बाई रेकॉर्डी चाळत होत्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी विचारलं, सुई कोणासाठी? सुमित म्हणाला, पप्पांसाठी, जालन्याला असतात, जॅझ ऐकतात. बाईंनी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग सुई त्यांनीच निवडून दिली आणि सरांचा नंबर घेतला. ‘आज सुईखाली’ हा त्यांनीच काढलेला ग्रुप.

पहिले काही रविवार सर नुसता फोटो टाकायचे. ग्रुपात बरंचसं इंग्रजी चाले, आणि सरांचं इंग्रजी सातवीच्या पुस्तकापुरतं. शिवाय दुसरी एक अडचण होती, ती त्यांनी फक्त बायकोला, कौसल्याबाईंना सांगितली. लोकांकडं रेकॉर्डींनी भरलेल्या भिंती होत्या. सरांकडं जॅझच्या रेकॉर्डी मोजून सात. सात रविवार झाले आणि सरांकडचं सगळं संपलं.

“आता काय लावू?” सर म्हणाले.

“पहिलीच लावा,” कौसल्याबाई तांदूळ निवडत म्हणाल्या. “तुमी काय एकदाच ऐकून ठेवून देता का तिला?”

सरांनी पहिलीच लावली. फोटो टाकला आणि खाली पहिल्यांदाच मराठीत लिहिलं: ‘ही मागेही टाकली होती. पण आज मी मुख्य वाजवणाऱ्याकडे लक्षच दिलं नाही. मागे जो माणूस उभं मोठं वाद्य बोटांनी छेडतो, फक्त त्याच्याबरोबर चाललो. तो एकदाही पुढं येत नाही आणि एकदाही चुकत नाही. आमच्या शाळेत असे एक शिपाई होते.’

साधना मॅडमनी ते इंग्रजी करून खाली टाकलं. त्या दिवशी ग्रुपात सगळ्यात जास्त बोलणं झालं ते सरांच्या त्या चार ओळींवर. शिलाँगच्या माणसानं लिहिलं, की त्यानंही आपली तीच रेकॉर्ड काढली आणि मागच्या माणसाबरोबर चालून बघितलं. तेव्हापासून सरांची भीड गेली. सात रेकॉर्डी फिरून फिरून चार वर्षं पुरल्या, आणि लोक रविवारी वाट बघू लागले की आज हिवाळे सर कोणाबरोबर चालले.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी साधना मॅडमनी ग्रुपवर लिहिलं: या रविवारी रेकॉर्डबद्दल नको. ती तुमच्याकडं कशी आली ते सांगा.

बाकीच्यांनी पाच-सहा ओळींत आटपलं. कोणाच्या मामानं दिली, कोणी परदेशातून आणली. सरांनी मात्र रविवारी काहीच टाकलं नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार ते एका बोटानं फोनवर लिहीत बसले. गुरुवारी सकाळी टाकलं. सात रेकॉर्डींमधल्या पहिल्या रेकॉर्डची ती हकीकत. सरांनी ती तोवर फक्त दोघांना सांगितली होती, एकदा वडिलांना आणि एकदा लग्नानंतर बायकोला.

सर मूळचे कुंभार पिंपळगावचे. त्यांचे वडील लिंबाजी तरुणपणी सनई वाजवत. हौस म्हणून नव्हे. गावात लग्न असो, मिरवणूक असो, पाहुणा येवो, लिंबाजीला सांगावा यायचा आणि जावं लागायचं. उन्हात उभं राहून वाजवायचं, मांडवाच्या बाहेर, आणि पंगती उठल्यावर उरलेलं पदरात घेऊन यायचं. छप्पन्न साली नागपूरला दीक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी वस्तीनं एकमतानं ठरवलं, की मेलेली जनावरं ओढायची नाहीत आणि कोणाच्या दारात वाजवायचं नाही. लिंबाजींनी त्या दिवशी सनई चुलीत घातली. गावानं काही महिने काम देणं बंद केलं, दुकानदारांनी मीठमिरची दिली नाही. लिंबाजी घनसावंगीपर्यंत पायी जाऊन मजुरी करून आले, पण पुन्हा ओठाला काही लावलं नाही. मुलं झाल्यावर त्यांचा एकच नियम होता. शिकायचं, आणि वाजवायचं नाही.

आणि साहेबरावला लहानपणापासून वेड होतं ते नेमकं फुंकून वाजवायच्या वाद्यांचं. बँडवाले दिसले की पाय जागचे हलत नसत. घरी कळलं की मार.

एकोणऐंशी साली साहेबराव जालन्यात डी.एड. करत होता. वसतिगृहात राहायचा. एप्रिलमधल्या एका सकाळी तो रेल्वे क्वार्टर्सवरून चालला होता. एका घराच्या व्हरांड्यात सामान काढून ठेवलेलं: पलंग, पेट्या, भांडी. बदली झालेली दिसत होती. आणि उघड्या खिडकीतून एक आवाज येत होता. सनईसारखा, पण सनई नव्हे. जाड, खरखरीत, माणसाच्या घशातून यावा तसा. साहेबराव कुंपणापाशी थांबला तो थांबलाच.

आतून एक बाई आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची, फ्रॉक घातलेली, हातात फडकं. साहेबराव चटकन निघायला लागला. आता ही हाकलणार, असंच त्याला वाटलं.

ती म्हणाली, “अंदर आके सुनो. बाहर से आधाच सुनने में आता.”

तो व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. तिनं वेताच्या एका खुर्चीवरची पातेली उचलून खाली ठेवली, खुर्ची फडक्यानं पुसली आणि त्याच्यासमोर सरकवली.

“बैठो.”

साहेबराव वीस वर्षांचा होता. वस्तीच्या बाहेर, दुसऱ्याच्या घरी, खुर्चीवर बस असं त्याला तोवर कोणी म्हणालं नव्हतं. गावात पाटलांच्या ओट्याखाली जमिनीवर बसायची त्याला सवय. तो खुर्चीच्या कडेला बसला. बाजू संपली तर तिनं दुसरी लावली आणि आपलं सामान बांधत राहिली. त्याला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ग्लासभर पाणी आणून दिलं, तेही घरातल्या ग्लासात. दुसरी बाजू संपल्यावर रेकॉर्ड कव्हरात घालून तिनं त्याच्या हातात दिली.

“ले जाओ. हमकू ये साथ नै ले जाना.”

साहेबराव तसाच उठला. आभारसुद्धा मानले नाहीत. रेकॉर्ड छातीशी धरून तो निघाला तो वसतिगृहात येईपर्यंत मागं वळून बघितलं नाही. दोन दिवसांनी गेला तर घराला कुलूप. कव्हरच्या मागं निळ्या शाईनं नाव होतं, ‘फ्रेडरिक डॅनियल, जालना, १९७४’. बाईचं नाव कुठंच नव्हतं.

रेकॉर्ड मिळाली, पण वाजवायची कशावर? वर्षभर ती ट्रंकेत पडून राहिली. पुढच्या भीमजयंतीला वस्तीत तीर्थपुरीचा मच्छिंद्र लाऊडस्पीकर घेऊन आला. सकाळभर गाणी झाली, भाषणं झाली. दुपारी सगळे जेवायला बसले, मच्छिंद्र मशीनपाशी एकटाच बिडी ओढत होता. साहेबरावनं त्याला गाठलं.

“मच्छिंद्रभाऊ, एवढी एक लावता का?”

मच्छिंद्रनं कव्हर बघितलं. सुटाबुटातला एक काळा माणूस, हातात वाकडं पितळी वाद्य, डोळे मिटलेले. “कोण हाये हा?”

“लावा तर खरं.”

आणि कुंभार पिंपळगावच्या वस्तीवर, निंबाला बांधलेल्या भोंग्यातून जॅझ सुरू झालं. पंगतीतल्या लोकांनी घास हातात धरून वर बघितलं. लिंबाजी जेवता जेवता उठले आणि खरकट्या हातानंच मशीनपाशी आले.

“कोणी लावलं हे?”

“म्या लावलं, दादा.”

“वाजवायचं न्हाई म्हणून सांगितलं होतं तुला.”

“म्या कुठं वाजवून राह्यलो? ऐकून राह्यलो.” साहेबरावनं कव्हर पुढं केलं. “दादा, ह्या माणसाचे वाडवडील मालकाच्या शेतात राबायचे. विकत घेतलेली माणसं होती ती. आमच्या कॉलेजच्या सरांनी सांगितलं. आता हा वाजवतो आन् लोक तिकीट काढून, खुर्च्यांवर बसून ऐकतात.”

लिंबाजींनी डाव्या हातानं कव्हर धरलं. बराच वेळ त्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत राहिले. भोंगा चालूच होता.

“ह्याला कोणी वाजव म्हणून हुकूम सोडत न्हाई?”

“न्हाई. त्याच्या मनात येईल तसं वाजवतो. मधी मधी तर जागच्या जागी नवं रचतो म्हणे.”

“आन् तुला कुठं घावली ही?”

साहेबरावनं रेल्वे क्वार्टर्समधल्या बाईची गोष्ट सांगितली. खुर्चीची पण सांगितली. लिंबाजींनी कव्हर त्याला परत दिलं. मग म्हणाले, “आपण लई पिढ्या उभं राहून वाजवलं, सायबा. तू बसून ऐक.” आणि मच्छिंद्रकडं वळून म्हणाले, “बंद करू नको. पुरं होऊ दे.”

तेव्हापासून पाच वर्षं, जयंतीच्या दुपारी, जेवणाच्या वेळेला ती रेकॉर्ड भोंग्यावरून वाजायची. साहेबरावला ती वर्षातून एकदाच ऐकायला मिळायची. पुढं मच्छिंद्रनं कॅसेटचं मशीन घेतलं आणि जुना रेकॉर्ड प्लेअर साहेबरावला देऊन टाकला. तोवर साहेबरावचे हिवाळे सर झाले होते. बाकीच्या सहा रेकॉर्डी मग चाळीस वर्षांत एकेक करून औरंगाबादच्या, हैदराबादच्या जुन्या बाजारांतून मिळाल्या. लिंबाजी म्हातारपणी अंथरुणाला खिळले तेव्हा स्वतःहून म्हणायचे, “त्या तुझ्या माणसाला लाव रे.”

हे सगळं सरांनी ग्रुपवर लिहिलं आणि शेवटी एक ओळ घातली: ‘त्या ताईंचं नाव मला माहीत नाही. आभार मानायचे राहून गेले.’

साधना मॅडमनी रात्र होण्याआधी त्याचं इंग्रजी करून टाकलं. पन्नास-साठ उत्तरं आली. पण एक उत्तर वेगळं होतं. सिकंदराबादचे नरसिंगराव, रेल्वेतूनच निवृत्त झालेले, मराठी जाणणारे, पण ग्रुपात फार न बोलणारे. त्यांनी एवढंच विचारलं: ‘कव्हरवरच्या नावाचा फोटो पाठवा. डॅनियल रेल्वेत काय होते, कळेल का?’

सरांना एवढंच आठवत होतं की व्हरांड्यात एक हिरवा झेंडा आणि पितळी शिट्टी पडलेली होती. म्हणजे गार्ड, नरसिंगराव म्हणाले.

जालन्यावरून जाणारी लाइन सिकंदराबादेलाच जाते, आणि रेल्वेत नोकरी केलेली ख्रिस्ती घरं तिथं एकमेकांना धरून आहेत. नरसिंगरावांनी आधी पेन्शनरांना विचारलं, मग दोन चर्चमध्ये जाऊन विचारलं. तीन आठवड्यांनी त्यांचा सरांना फोन आला. गार्ड डॅनियलची मुलगी सापडली. नाव एस्थर. बहात्तर वर्षांची. मुलगा-सुनेबरोबर राहते.

सरांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. कौसल्याबाईंना वाटलं काही वाईट बातमी आली.

“काय झालं?”

“घावली ती बाई.”

दुसऱ्या दिवशी नरसिंगराव एस्थरबाईंच्या घरी गेले आणि तिथून फोन लावून दिला. पडद्यावर पांढरे आखूड केस, जाड चष्मा, कपाळावर आठी. सरांनी सगळं सांगितलं. एप्रिल महिना, सामान, रेकॉर्ड, पाणी. एस्थरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बेटा, मेरेकु कुछ याद नै,” त्या म्हणाल्या. “उस रोज बहोत सामान बाँटी मैं. कौन आया, कौन ले गया, क्या मालूम.”

सर हसले, “कोई बात नहीं,” म्हणाले, आणि फोन झाल्यावर उगाच गच्चीवर जाऊन आले. जेवताना त्यांचा हात चालेना.

कौसल्याबाईंनी ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. “मनाला लागलं का?”

“न्हाई. लागायचं काय त्यात?”

“तुमी पस्तीस वर्षं शाळा केली. किती पोरं हाताखालून गेली? सगळी ध्यानात हायेत का?” त्या म्हणाल्या. “रस्त्यात कोणी पाया पडतं आन् तुमी घरी येऊन म्हणता, कोण होता काय माहीत. त्याला तर तुमी बराबर ध्यानात असता.”

सरांनी भाकरी संपवली. हात धुताना म्हणाले, “तिकीट काढू का दोघांचं?”

“काढा. म्या कधी सिकंदराबाद बघितलं न्हाई.”

दिवाळी झाल्यावर दोघं निघाली. रेकॉर्ड दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून, कौसल्याबाईंच्या जुन्या इरकल लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती. स्टेशनवर नरसिंगराव घ्यायला आले. चार वर्षं दर रविवारी ही दोन माणसं एकमेकांना ओळखत होती आणि आज पहिल्यांदा समोर उभी होती. दोघंही कमी बोलणारी. नरसिंगरावांनी सरांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, “मागच्या रविवारी ढोलवाल्याबरोबर चाललात ते बरोबर होतं. मी तेवढं कधी ऐकलं नव्हतं.” गाडीत मागच्या सीटवर त्यांचा स्वतःचा प्लेअर ठेवलेला होता, चादरीत बांधून.

एस्थरबाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. सुनेनं चहा केला. कौसल्याबाईंनी सोबत आणलेल्या शंकरपाळ्यांचा डबा उघडला. नरसिंगरावांनी प्लेअर जोडला. सरांनी लुगडं सोडून रेकॉर्ड काढली, तेव्हा एस्थरबाईंनी चष्मा पुसून कव्हर हातात घेतलं आणि पालथं केलं.

“फ्रेडी,” त्या म्हणाल्या. शाईच्या अक्षरांवरून त्यांचं बोट फिरत राहिलं. “मेरा भाई.”

मग त्यांनी सांगितलं. ही रेकॉर्ड त्यांची नव्हतीच. त्यांना हे संगीत कधी आवडलंही नाही. फ्रेडी रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये ट्रंपेट वाजवायचा. एक दिवस बापाशी भांडला आणि मुंबईला जाऊन जहाजावर चढला. बाप म्हणाला, त्याची एकही वस्तू या घरात दिसता कामा नये. बदली झाली तेव्हा सामान बांधताना ही रेकॉर्ड सापडली. फेकायला हात होईना आणि बरोबर न्यायची सोय नव्हती. म्हणून शेवटची एकदा लावली होती.

“तो तुम आ गए होंगे,” त्या म्हणाल्या. “मैं सोची, चलो, कोई तो ले जाता.”

सर ऐकत होते. इतकी वर्षं ज्याला ते मोठ्या मनाचं दान समजत होते, ते खरं म्हणजे एका बहिणीनं मनावरचं ओझं उतरवलं होतं. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. पण एक गोष्ट त्यांना विचारायचीच होती.

“ताई, आपने मुझे कुर्सी दी थी. बर्तन हटाके, पोंछके दी थी.”

एस्थरबाईंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी नरसिंगरावांकडं बघितलं, मग परत सरांकडं.

“तो?” त्या म्हणाल्या. “घर में आए आदमी को खड़ा रखते क्या?”

सरांनी चष्मा काढला. खिशातला रुमाल काढून डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला. कौसल्याबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. एस्थरबाई गोंधळल्या, आपलं काही चुकलं का, असं त्यांनी सुनेला तेलुगूत विचारलं. तेव्हा कौसल्याबाईंनीच आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, पाटलांच्या ओट्याचं, उन्हात उभं राहून वाजवणाऱ्या सासऱ्यांचं, आणि त्यांनी मुलाला काय सांगितलं त्याचं. एस्थरबाई मान खाली घालून ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी नुसतं, “हां,” म्हटलं, आणि उठून सरांच्या डोक्यावर हात ठेवला.

मग नरसिंगरावांनी रेकॉर्ड लावली. पंचेचाळीस वर्षांत ती खूप वाजली होती, चरचर वाढली होती, पण आवाज तोच. एस्थरबाई आधी नुसत्याच बसल्या होत्या. तिसऱ्या तुकड्यात एक लांब स्वर वर वर जातो, तिथं त्या एकदम हसल्या.

“ये फ्रेडीको कभीच नै आया. रोज शाम को बरामदे में यहीच बजाता, रोज गलत. मम्मी अंदर से चम्मच फेकती थी.”

फ्रेडी परत आला नव्हता. कुठल्या कुठल्या बंदरांवरून पत्रं यायची; बापानं ती उघडू दिली नाहीत. बाप गेल्यावर एस्थरबाईंनी उघडली, तोपर्यंत पत्ते बदलले होते. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता.

निघायची वेळ झाली. रेकॉर्ड कव्हरात घालून सरांनी ती एस्थरबाईंच्या मांडीवर ठेवली.

“ये क्या?”

“आपके भाई का अक्षर है इसपे,” सर म्हणाले. “आपके घर रहने दो.”

“और तुम?”

“मुझे पाठ है.”

त्या नको म्हणतील असं कौसल्याबाईंना वाटलं होतं. त्या नको म्हणाल्या नाहीत. दोन्ही हातांनी कव्हर धरून बसल्या. नरसिंगरावांनी प्लेअरची वायर गुंडाळायला घेतली होती, ती परत सोडली आणि म्हणाले, “हा इथंच असू दे. माझ्याकडं दुसरा आहे.”

परतीच्या गाडीत कौसल्याबाईंच्या मांडीवर नुसतं लुगडं होतं, घडी घातलेलं. परभणी गेल्यावर त्यांनी विचारलं, “चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं का?”

सर खिडकीतून कापसाची रानं बघत होते. “तेव्हा आभार मानायचे राहिले होते,” ते म्हणाले. “आता बरं वाटून राह्यलं.”

ग्रुपवर ही बातमी नरसिंगरावांनी आधीच टाकली होती. गोव्याच्या एकानं लिहिलं, माझ्याकडं त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती आहेत, एक पाठवतो. सरांनी त्याचे आभार मानले आणि नको म्हणाले. सहा पुष्कळ आहेत, असं लिहिलं. मग त्यांनी एक मोठा संदेश लिहिला आणि त्यात साधना मॅडमचे, सुई शोधणाऱ्या सुमितचे, दोन चर्च पालथी घालणाऱ्या नरसिंगरावांचे, तीर्थपुरीच्या मच्छिंद्रचे आणि प्रत्येक रविवारी वाट बघणाऱ्या सगळ्यांचे नावानिशी आभार मानले. शेवटचं नाव कौसल्याबाईंचं होतं. ते त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, “माझं कशाला घातलं तिथं, एवढ्या लोकांत.” पण संदेश सुमितला पाठवला की नाही, हे दोनदा विचारून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी काय लावायचं ते कौसल्याबाईंनी निवडलं. पियानोची एक रेकॉर्ड होती, सरांना ती जराशी गोड वाटायची. “मला ही बरी वाटती,” त्या म्हणाल्या आणि दुसरी खुर्ची ओढून बसल्या. बाजू संपली, सरांनी फोन हातात घेतला, तर ग्रुपात एक नवा नंबर दिसत होता. एस्थर. सुनेनं हिंदीत लिहून दिलेलं असावं: ‘दोन्ही बाजू ऐकल्या. दुसऱ्या बाजूला अजूनही नुसता गोंधळच वाटतो. मास्टरजी, हे कसं ऐकायचं असतं?’

सरांनी चष्मा घातला, खुर्ची पुढं ओढली आणि एका बोटानं लिहायला सुरुवात केली. कौसल्याबाई चहा ठेवायला आत गेल्या. चहा उकळला, गाळला, बाहेर आला, निवूनही गेला, तरी सर लिहीतच होते.